ट्रॅकवरचं लाल टोपण

पुठ्ठ्याची घरं, पुठ्ठ्याचे पूल आणि एकदा तर पुठ्ठ्याचा अख्खा विमानतळ केलेल्या माणसाला आर्किटेक्टच्या ऑफिसात सगळे पुठ्ठेकाका म्हणत. या वेळची प्रतिकृती मात्र त्यांनी जरा जास्तच जीव ओतून केली होती: बहुउद्देशीय क्रीडा संकुल, आणि त्यात आठ पट्ट्यांचा ट्रॅक. त्यांची मुलगी चारशे मीटर पळायची, आणि तीही गोदामांमागच्या रस्त्यावर, ट्रकना वाट देत देत. निधी मंजूर झाला तर तिला ट्रॅक मिळणार होता.

निधी देणाऱ्या संस्थेच्या मॅडम टेबलाभोवती फेरी मारता मारता थबकल्या.

"हे लाल काय आहे?"

काकांनी वाकून पाहिलं. ट्रॅकच्या सरळ टप्प्यात, ऐन मध्यावर, गोंदाच्या बाटलीचं टोपण बसलं होतं. सकाळपासून ते हेच शोधत होते.

"मॅडम, ते म्हणजे..."

"तोच तर आमचा मुख्य विचार!" आर्किटेक्ट साहेब मध्येच म्हणाले.

साहेबही ते टोपण पहिल्यांदाच बघत होते. पण 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. खेळ, समाज, अवकाश आणि लाल रंग यांचं नातं ते अकरा मिनिटं उलगडत राहिले. सातव्या मिनिटाला खुद्द काकांनाच शंका यायला लागली. हे आपण ठेवलं, की नकाशातच होतं? टोपण ट्रॅकच्या रुंदीत अगदी चपखल बसलं होतं. इतकं नेमकं काही चुकून बसतं का?

"साहेब, ते गोंदाचं टोपण आहे हो," शेवटी ते धीर करून म्हणाले.

"बघा, किती विनय!" मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "स्वतःच्या कामाला टोपण म्हणतात!"

काकांनी टोपण उचललं आणि बाटलीला लावून टाकलं.

"अहो, गेलं कुठे ते?"

"सरकतं, मॅडम!" बांधकामाचा इंजिनिअर जवळजवळ ओरडलाच. "म्हणून तर बहुउद्देशीय!"

मॅडमनी उभ्या उभ्या सही केली. अट एकच: बाकी काहीही कापा, लाल मात्र हवंच.

घरी मुलगी दारातच उभी होती. "बाबा, झालं मंजूर?"

"झालं. आठ पट्ट्या."

"मग तोंड का असं?"

"मध्ये एक लाल आहे."

"लाल काय?"

काका चपला काढत म्हणाले, "ते अजून ठरलेलं नाही. पण सरकतं म्हणे."

"आणि नाही सरकलं तर? वळसा घालून पळू?"

दिवसभरात उत्तर देता येईल असा हा पहिलाच प्रश्न होता. काकांनी पेन्सिल काढली, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर गोल काढला.

"चौथ्या पट्टीतून चारशे सहा मीटर पडतील. पहिलीतून नि आठवीतून मात्र चारशेच. किंचित वाकडे."

"मग शर्यतीत सगळ्याजणी कडेचीच पट्टी मागतील की हो!"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. हे साहेबांच्या अकरा मिनिटांत कुठेच आलं नव्हतं.