रोजचे तीन प्रश्न

आश्विनातली दुपार. पीतवर्ण, परिपक्व, आळसावलेलं ऊन. कृष्णेच्या संथ, मृत्तिकावर्ण पाण्यावर ते पसरलं होतं, सांगलीच्या यार्डातल्या हळदीच्या धुळीत मिसळलं होतं, आणि इस्पितळाच्या उंच खिडक्यांतून आत शिरून वॉर्डातल्या चादरींवर खुशाल लोळत होतं.

त्या उन्हातून डॉक्टर मृणालिनी आवटी चालल्या होत्या. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं या बाईनं फुटलेली डोकी उघडली. मोटारसायकलवरून पडलेली, विहिरीत आपटलेली, जिन्यावरून घसरलेली. रक्तस्नात, स्पंदमान, अबोल मेंदू पाहिले, आणि हात म्हणून कधी थरथरला नाही. आज तर नुसती सही करायची होती, सिद्रामला घरी सोडायची.

सिद्राम हमाल हळदपोत्यांच्या थप्पीवरून कोसळला, तेव्हा त्याचा मेंदू सुजून कवटीत मावेना. डॉक्टरांनी तळहाताएवढं हाड काढलं, त्याच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवलं, आणि तीन महिन्यांनी, सूज ओसरल्यावर, होतं तिथं परत बसवलं. काय अजब ठेव म्हणावी! माणसाचं कपाळ माणसाच्याच पोटात, सुखरूप.

शुद्धीवर आल्यापासून रोज सकाळी नऊला राउंड, आणि रोज तेच तीन प्रश्न. नाव काय? गाव कुठलं? ही कोण?

"सिद्राम. म्हैसाळ. माझी बायकू, कल्लव्वा."

गेला महिनाभर एक अक्षर चुकलं नव्हतं. फाइलवर शेरा पडायचा, भान पूर्ण, आणि डॉक्टरांचं मन सुखावायचं.

आज त्या अवेळी आल्या. कल्लव्वा नळावर धुणं धुवायला गेलेली. खाटेशी नर्स उभी, शुभ्रवसना, हातात थर्मामीटर. सवयीनं डॉक्टरांनी विचारलं, नाव? गाव? ही कोण?

सिद्रामनं नर्सकडे शांत, निर्मळ, निःशंक डोळ्यांनी पाहिलं.

"माझी बायकू, कल्लव्वा."

"अगं बाई!" म्हणत नर्स फिसकन हसली. डॉक्टर हसल्या नाहीत.

ओल्या धुण्याची बादली घेऊन कल्लव्वा दारात आली, आणि दोघींची तोंडं पाहूनच काय झालं ते तिला उमगलं.

"म्याच शिकिवलं, बाई. तुमी नऊला येता, त्येच इचारता. समद्या वॉर्डाला ठावं हाय. जुनी मानसं जाता जाता नव्यांना सांगून जात्यात."

समद्या वॉर्डाला! म्हणजे किती जण? सव्वीस वर्षांत किती जण ही तीन पाठ उत्तरं घेऊन, आभार मानून, त्या फाटकातून निघून गेले? कोण खरंच परतला होता आणि कोणाचं नुसतं शरीर परतलं होतं? डॉक्टरांना राग आला, मग लाज वाटली, मग राग कुणाचा आणि लाज कसली, हेही कळेना. सगळं गढूळ झालं.

"कल्लव्वा, तो तुला ओळखत नाही गं."

"ठावं हाय की मला." तिनं बादली खाली ठेवली. "पर घरी न्हेऊ द्या. हितं तुमच्यासाठी पाठ करतोय, तितं माझ्यासाठी करंल. रोज सांगीन, म्या कोन त्ये. रोज सांगाया माझं काय जातंय?"

डॉक्टरांनी पेन उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. पाठवावं, तर कुणाला पाठवतोय? ठेवावं, तर कशासाठी? मेंदूच्या वळणावळणाची वाट ठाऊक असलेल्या त्या बाईला खाटेपासून दारापर्यंतची वाट सापडेना.

आणि तेवढ्यात सिद्राम बोलला. शुद्धीवर आल्यापासून त्यानं आपणहून कुणाला काही विचारलं नव्हतं. आज त्यानं मान वळवली, कपाळावर आठी घातली, आणि थेट डॉक्टरांना विचारलं,

"बाई, तुमी कोन?"

हे जागं होणं होतं, की आणखी हरवणं? ज्याचा मेंदू आपल्या बोटांनी सांभाळला, त्याला काय सांगायचं, आपण कोण?

मागून कल्लव्वा हलक्या, मायाळू, सरावलेल्या आवाजात कुजबुजली, "सांगा की, बाई. भिऊ नका. नाव सांगा आदी."

डॉक्टरांनी नाव सांगितलं. त्याला काही उमगलं नाही, म्हणून सावकाश, एकेक अक्षर सोडवत, पुन्हा सांगितलं.