निधीची पेशी

श्यामकांत देवस्थळींनी थर्माकोलचा अर्धगोल दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला आणि सुरीनं पाडलेल्या भोकात राजम्याचा दाणा खुपसला. दाणा आत बसला, पण पलीकडचा केंद्रक टुणकन उडून सोफ्याखाली गेला. केंद्रक म्हणजे टेबल टेनिसचा चेंडू. तो आज सकाळपासून तिसऱ्यांदा पळाला होता.

"आजोबा, यार, न्यूक्लिअस परत निघाला!" निधी सोफ्याखाली डोकं घालून म्हणाली.

"केंद्रक म्हण."

"मॅमना केंद्रक कळत नाही."

"तुला कळतं ना? मग पुरे. राजमा काय आहे?"

"माइटोकॉन्ड्रिया."

"मराठीत?"

"तंतु... तंतुकाकी."

"तंतुकणिका!" श्यामकांत एवढ्या जोरात ओरडले, की स्वयंपाकघरातून प्रमोदिनीबाईंनी कुकर बंद करून डोकावून पाहिलं. "पेशीला लागणारी सगळी ऊर्जा तीच तयार करते. काकी कसली!"

"आपल्याकडेही काकीच सगळं करायची," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

श्यामकांतांचं शिक्षण मिरजेला, मराठी शाळेत झालेलं. पुढे सगळा जन्म दिल्लीत, मंत्रालयात गेला. इंग्रजीत टिपणं लिहिली, हिंदीत बोलणी खाल्ली, पण पेशी म्हटलं की त्यांच्या तोंडून आजही रिक्तिका, लयकारिका आणि आंतर्द्रव्यजालिका अशा फाडफाड बाहेर पडत, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस आपल्या मावश्यांची नावं सांगतो आहे. नातीच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. तिच्या वाट्याला वनस्पतीची पेशी आली होती, आणि आठवडाभर आजोबांच्या अंगात संचारलं होतं.

संध्याकाळी पेशी पुरी झाली. हिरव्या पुठ्ठ्याची पेशीभित्तिका, आत राजमा, शेवया, घड्या घातलेली जांभळी रिबीन आणि मधोमध डगमगणारा केंद्रक. श्यामकांत फोन घेऊन बाल्कनीत आले. मिरजेच्या धाकट्या भावाला, दिनकरला, ही बातमी दिल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. दिनकरला ऐकू कमी येई, त्यामुळे त्याच्याशी बोलणं म्हणजे मिरजेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलणं.

"अरे, उद्या निधीची पेशी आहे! पेशी! हो, सकाळी दहा वाजता! तयारी केली आहे, पण मला धाकधूक वाटते रे. ऐन वेळी केंद्रक दगा देणार असं दिसतंय!"

शेजारच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालणाऱ्या झारीचा आवाज थांबला. श्यामकांतांनी तिकडे पाहिलं नाही. दोन वर्षं ते तिकडे पाहत नव्हते.

शेजारी राहत होते वकील खुराना. दोघं चौदा वर्षांचे शेजारी आणि त्यातली बारा वर्षं जिवाभावाचे मित्र. सकाळचं फिरणं एकत्र, थंडीतल्या उन्हात शेंगा एकत्र. दोस्ती तुटली ती एका शब्दापायी. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून वाद झाला. श्यामकांत तेव्हा खजिनदार होते. ते तावातावानं उभे राहिले आणि म्हणाले, "तो फिर मैं राजीनामा देता हूँ!" आता मराठी माणसाचा राजीनामा म्हणजे पद सोडणं. कोर्टकचेरीत मुरलेल्या खुरानांचा राजीनामा म्हणजे तडजोड. अध्यक्षपदावरून खुराना गहिवरून म्हणाले, "वाह! देवस्थळी साहब का दिल बड़ा है!" आणि सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. आपण पायउतार होतोय आणि हे लोक टाळ्या वाजवतायत, वर समोसे वाटतायत! श्यामकांत समोसा न घेता घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाव्या पाठवून दिल्या, तेव्हा भरसभेत तडजोड करून हा गृहस्थ शब्द फिरवतो असं खुरानांना वाटलं. लिफ्टमध्ये दोघांनी एकमेकांना नको ते ऐकवलं. महिन्याभरानं सून वृंदानं घोळ उलगडून सांगितला, पण तोवर तोंडं फिरली होती, आणि आधी कुणी बोलायचं या प्रश्नावर दोघांचंही घोडं अडलं होतं. श्यामकांत आता एकटेच फिरायला जात. त्यांना खुरानांची फार आठवण येई. हे ते कुणालाही, अगदी प्रमोदिनीबाईंनासुद्धा सांगत नसत, आणि त्या ते ओळखून होत्या.

सकाळी मुलगा, सून आणि निधी पेशीला घेऊन गाडीनं पुढे गेले. मागची सीट पेशीनं अडवली. एका कडेला निधी केंद्रक हातानं दाबून बसली होती. आजोबांनी मागाहून रिक्षानं यायचं ठरलं. ते मोजे शोधत होते तेवढ्यात बेल वाजली.

दारात खुराना उभे होते. काळा कोट, गळ्यात पांढरा बँड, काखेत फाईल. कोट पोटावर लागत नव्हता. चेहरा मात्र असा गंभीर, की श्यामकांतांनी मोजा हातात घेऊनच नमस्कार केला.

"कल फोन पर सुना," खुराना म्हणाले. "बच्ची की पेशी है. पड़ोसी होकर घर में कैसे बैठूँ? चलिए, गाड़ी नीचे खड़ी है."

श्यामकांतांना काही कळेना. मग मागून प्रमोदिनीबाईंचा दबका आवाज आला.

"अहो, हिंदीत पेशी म्हणजे कोर्टातली तारीख! त्यांना वाटलं, निधीला..."

श्यामकांतांनी मागच्या मागे हात हलवून त्यांना गप्प केलं. हसू फुटायला हवं होतं, पण त्यांनी हातातला मोजा घट्ट आवळला. हा माणूस दोन वर्षांनी दारात आला होता. आपण होऊन, ठेवणीतला कोट चढवून, आपल्या नातीसाठी भांडायला आला होता. आता त्याला सांगायचं, की बाबा रे, पेशी म्हणजे थर्माकोल आणि राजमा? आपलं हसं झालं की माणसाला कसं वाटतं हे श्यामकांतांना चांगलं ठाऊक होतं. खुराना एकदा का तसे परत फिरले, की ते दार मग कायमचंच बंद.

"एक मिनट," ते म्हणाले. "जूता पहन लूँ."

गाडीत खुरानांनी वकिली सुरात विचारलं, "मामले में कौन-कौन है?"

श्यामकांतांना खोटं बोलायची सवय नव्हती. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते कधी जमलं नव्हतं, त्यामुळे बढतीही बेताचीच मिळाली होती. त्यांनी घाम पुसला आणि खरं तेच सांगितलं.

"केंद्रक है. तंतुकणिका, रिक्तिका... और लयकारिका."

"रिक्तिका," खुराना विचार करत म्हणाले. "लड़की तो अच्छे घर की लगती है. क्या करती है?"

"सामान रखती है. पानी वगैरह."

"हूँ. माल उसके पास है. और लयकारिका?"

"जो भी टूटा-फूटा, बेकार हो, उसको खतम कर देती है."

"सबूत मिटाना." खुरानांनी मान डोलावली. "केंद्रक?"

"सब उसी के हुक्म से चलता है. लेकिन आजकल जरा ढीला है. कभी भी भाग सकता है."

"मुख्य आरोपी, और फरार होने का अंदेशा. जमानत मुश्किल है, देवस्थळी साहब."

श्यामकांत खिडकीबाहेर पाहू लागले. आतल्या आत त्यांना हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. शाळा जवळ येत चालली होती. फाटकावर काय होणार ते त्यांना दिसत होतं. रंगीत पताका, आईबाप, हातात ज्वालामुखी घेतलेली पोरं, आणि त्यांच्या मधोमध काळ्या कोटातले खुराना. सगळा जमाव यांच्याकडे बघून हसणार, आणि यांना वाटणार, देवस्थळीनं सूड उगवला. सांगायला हवं. पुढच्या सिग्नलला सांगू. सिग्नल आला, हिरवा झाला, मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि सांगणं राहून गेलं. कोर्टाकडे जाणारा रस्ता सरळ जात होता. 'लेफ्ट लीजिए' म्हणायला श्यामकांतांनी तोंड उघडलं, तर खुरानांनी आधीच इंडिकेटर दिला होता. घाईत श्यामकांतांना त्याचं नवलही वाटलं नाही.

शाळेसमोर गाडी लागली. श्यामकांत उतरले आणि गाडीला वळसा घालून खुरानांच्या पुढे, अगदी वाट अडवून उभे राहिले.

"खुराना साहब, अंदर जाने से पहले एक बात. यह जो पेशी है ना... हमारी मराठी में..."

"ओ वकील साहब!" फाटकावरचा गार्ड मोठ्यानं हसत म्हणाला. "आज कोट किसलिए? संडे को कौन सी कचहरी खुलती है?"

श्यामकांतांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खरंच की, आज रविवार. नोकरदार आईबापांना येता यावं म्हणून शाळेनं मुद्दाम रविवार धरला होता. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच, त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. पण आयुष्यभर कोर्टाच्या तारखांवर जगलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नसेल?

त्यांनी खुरानांकडे पाहिलं. खुराना गळ्यातला बँड उगाचच सारखा करत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि नजर शाळेच्या पताकांवर होती, जणू पताकांचीच उलटतपासणी घ्यायची आहे.

श्यामकांतांना एकदम भरून आलं. आपण दोन वर्षांत शेजारचं दार ओलांडायला एक निमित्त शोधू शकलो नाही. या माणसाला एक सापडलं, तर त्यानं ते कोट-बँडसकट अंगावर चढवलं.

"अर्जंट मॅटर है, भैया," ते गार्डला म्हणाले. "दो साल से लटका हुआ था."

"अच्छा?" गार्डला गंमत वाटली. "तो आज निपट जाएगा?"

खुरानांनी खाकरून घसा साफ केला. काखेतली फाईल गाडीत टाकली, दार लावलं आणि श्यामकांतांच्या दंडाला धरलं.

"निपट गया," ते म्हणाले. "अब चलो, देवस्थळी, तंतुकणिका दिखाओ. हफ्ते भर से दीवार के पार चिल्ला रहे हो, मेरी बीवी को भी याद हो गई है."