तुम्ही म्हणाल तसं

धाड गावच्या बाजारगल्लीत फकीर मोहम्मदच्या घरी टीव्ही आला आणि कोकिळाबाईचा भाव वधारला. टीव्ही फकीर मोहम्मदचा, वीज त्याची, छपरावर चढून अँटेना फिरवणारा पोरगा गुलजारही त्याचाच. पण मालिका सुरू झाली की बायका पडद्याकडे कमी आणि कोकिळेच्या तोंडाकडे जास्त बघायच्या. मालिका हिंदी, लखनौकडच्या कुठल्याशा हवेलीतली. माणसं इतकी, की कोण कोणाचं कोण हे कोणाच्या बापाला कळेना. कोकिळेला मात्र कळायचं.

"हा तिचा दीर नाई," ती सांगायची. "दीर असता तर भाभी म्हटलं असतं. नाव घेऊन बोलला. या दोघायचं पयलेपासून काईतरी हाय."

आणि पुढच्या खेपेला तसंच निघायचं. शेजारची विमलबाई तोंडावर हात ठेवायची. "माय वं! तुले कसं समजते?"

"त्यात समजायचं काय? कोण कोणाले काय म्हणते तेवढं ऐकत जा. डोयातलं पाणी खोटं असते, हाक खोटी नसते."

असं हे शहाणपण. आणि घरी काय, तर पोटची पोरगी तिला 'तुम्ही' म्हणत होती.

वैताग वैताग म्हणतात तो हाच. सासूला तुम्ही म्हणावं, नवऱ्याला म्हणावं, तलाठ्याला तर म्हणावंच लागतं. पण आईला? माणूस देवीपुढे उभा राहिला तरी तिला तू म्हणतो. मग कोकिळा काय तलाठी होती?

वनमाला सहा वर्षांची असताना पुण्याला मावशीकडे गेली, ती दहावी होऊन या उन्हाळ्यात परत आली. शिकायला पाठवली, असं गल्लीला सांगितलेलं होतं. मावशी म्हणजे पुष्पाबाई, कोकिळेची थोरली बहीण, स्वतः पोचवायला आली. एसटीतून उतरल्या उतरल्या पोरगी तिला म्हणाली, "मावशी, तू आधी पाणी पी ना गं." मग समोर उभ्या असलेल्या आईकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना?" कोकिळेच्या जिवात तेव्हा कुसळ घुसलं, ते काही निघेना.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. "अवो, तुमची लेक मले तुम्ही म्हणते."

"मग? मलेही म्हणते," निवृत्ती म्हणाला.

"तुम्ही बाप पडले. बापाले म्हणतच असते लोक!"

"मग माहं काय चुकलं?" म्हणून तो शेताकडे गेला. घ्या! या माणसाशी बोलण्यापेक्षा बैलाशी बोललेलं बरं, बैल निदान कान तरी हलवतो.

मग तिनं पोरीलाच सरळ सांगितलं, "मले तू म्हणत जाय." पोरगी गुणाची. "बरं, म्हणेन," म्हणाली, आणि लगेच, "तुम्ही चहा घेणार का?"

कोकिळेनं डोकं लढवलं. पोरगी चिडली तर तोंडातून आपसूक तू निघेल. तिनं भाजीत मुठीनं तिखट घातलं. वनमालाच्या डोळ्यांतून धारा, नाक लाल, कान लाल, पण मान खाली घालून जेवली आणि वर म्हणाली, "छान झालीये. तुम्ही जेवलात का?" तीच भाजी मग कोकिळेलाही खावी लागली. तिचं नरडं रात्रभर जळत होतं. दुसऱ्या कोणाची लेक असती तर ताट सरकवून दिलं असतं, म्हणाली असती, ही काय भाजी आहे? गल्लीतल्या साऱ्या पोरी आईशी कचाकचा भांडतात. आपलीच तेवढी देवघरातल्या समईसारखी गप्प.

"काऊन जीव जाळून घेऊन राह्यली?" सुगराबी तिला म्हणाली. सुगराबी म्हणजे फकीर मोहम्मदची बायको. "आमचा गुलजार मले आप म्हणते. आमच्यात आप म्हणजे मायाच."

"तुहा गुलजार आप म्हणून तुह्या मांडीवर डोकं ठेवते, सुगरा. माही तुम्ही म्हणून चार हात दूर बसते."

आणि दिवस तर हातात उरले नव्हते. कॉलेज सुरू व्हायचं होतं. पुष्पाबाईनं सांगून ठेवलं होतं, रविवारी येते आणि पोरीला घेऊन जाते. कॉलेज बुलढाण्यालाही होतं, धाडहून रोज एसटी होती. वनमाला एकदा 'राहते' म्हणाली असती तर कोकिळेनं बहिणीला वेशीवरूनच परत लावलं असतं. पण पोरीच्या मनाविरुद्ध ठेवून घ्यायची तिची छाती होईना. एकदा आपल्या मनानं पाठवली, आता पुन्हा आपल्याच मनानं कोंडून ठेवायची? म्हणून तिनं विचारलं, "जाती का राह्यती?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणीन तसं नाई वं! तुह्या मनात काय हाय?"

"तुम्ही ठरवाल ते चांगलंच असेल."

भिंतीवर डोकं आपटावं, तर भिंत मातीची, तीच पडायची. कोकिळेनं मुकाट्यानं ट्रंक काढली आणि पोरीचे कपडे भरले. वनमाला दारात उभी राहून बघत होती.

शनिवारी संध्याकाळी मालिका होती. सुगराबीचं घर भरलं. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, गुलजारनं छपरावरून "आलं का?" म्हणून बोंब मारली, बायका "आलं, आलं!" म्हणून ओरडल्या, आणि हवेली दिसली. आजवर थोरल्या जावेला 'तुम' म्हणणारी धाकटी आज तिला 'आप' म्हणाली.

"तुटलं," कोकिळा म्हणाली. "फुटलं आता हे घर."

"अवं, मान देऊन तर बोलली ते!" विमलबाई म्हणाली. "आता तुही वनमाला पाय. आईले कशी तुम्ही म्हणते! पुण्याचं वळण. आमची कार्टी तर मले तू-तू करते नुसती. भाग्याची हायस बाई."

कोकिळेच्या कानशिलाची शीर उडाली. आणि नेमकी तेव्हाच खुर्चीवर बसलेली वनमाला उठली. "तुम्ही इथे बसा ना. मी खाली बसते."

झालं. उकळून उकळून शेवटी उतू गेलं.

"नाई, नाई! तुम्हीच बसा, वनमालाबाई!" कोकिळा हात जोडून उभी राहिली. "आम्ही गावंढे, आम्ही खालीच बऱ्या. तुम्ही पाहुण्या. चहा घेता का? का सरबत आणू? ट्रंक भरली तुमची. उद्याची गाडी हाय, नीट जा बरं का. आमचं काई चुकलं असंल तर माफी करा."

बायकांनी पडदा सोडला आणि इकडे पाहिलं. वनमालाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिखटाच्या भाजीनं झाला नव्हता इतका.

"मला तुम्ही म्हणू नकोस!" ती किंचाळली. "मी पाहुणी? तूच केलंस मला पाहुणी! सहा वर्षांची होते मी. जत्रेला नेते म्हणालीस आणि गाडीत बसवून दिलंस. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस तू! आणि आता पुन्हा ट्रंक भरलीस. काऊन? मले काऊन पाठवून देते तू दरखेपी?"

कोकिळेनं मागितलेलं तिला मिळालं होतं. पण ते असं मिळेल, असं काही तिला वाटलं नव्हतं. सुगराबीनं उठून आवाज बंद केला. पडद्यावर हवेलीतली माणसं नुसती तोंडं हलवत राहिली, आणि विमलबाईचे कान इकडे टवकारलेले होते. इतकी वर्षं गल्लीपासून लपवलेली गोष्ट इथे बोलायची म्हणजे उद्या बाजारभर होणार, पोरीच्या लग्नात आडवी येणार. पण पोरगी समोर उभी होती आणि उत्तर मागत होती.

"मले टीबी होता," कोकिळा म्हणाली. "खोकल्यातून रक्त पडे. डाक्टर म्हणे, पोरगी जवळ ठेवू नका. मांग वळून पायलं असतं तर गाडी थांबवून तुले घेतलं असतं मी. बरी झाली तं पुष्पी म्हणे, आता शाळेत रमली, उपटू नको. मले वाटलं, माह्यापरीस तुले पुष्पीच बरी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"भेव वाटे वं."

"किती मूर्ख आहेस गं तू!" वनमाला म्हणाली, आणि रडत रडत खाली आईला चिकटून बसली. विमलबाई म्हणणार होती, आईले मूर्ख म्हणते. पण सुगराबीनं तिच्या मांडीला असा चिमटा काढला, की तिचं तोंड मिटलं.

रविवारी पुष्पाबाई आली, फुगली, रडली आणि एकटीच परत गेली. तिला निरोप देऊन दोघी जेवायला बसल्या. वनमालानं पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं.

"ही काय भाजी आहे? तुला मिठाचा काही अंदाज आहे का?"

"खायची तर खाय, नाई तर उद्यापासून तूच कर!" कोकिळा कडाडली, आणि तिच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.