दोनदा टेकलेला हात

मित्रांनो, रक्त तपासायला देताना तुम्ही जिच्यावर बसता, तसली मी एक जुनी खुर्ची आहे. गोष्ट सांगायची मला सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

बसणाऱ्याला कोपर नीट टेकता यावं म्हणून सुताराने माझे हात मुद्दाम रुंद केले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. "भक्कम आहे हो ही," असं रक्त काढणारे काका म्हणायचे. आता माझं रेक्झिन फाटलं आहे. त्यावर चिकटपट्टी आहे.

एकदा विद्यार्थ्यांची तपासणी होती. शरीरात जीवनसत्त्वं पुरेशी आहेत का, आणि लशीमुळे रक्तातून पसरणाऱ्या काविळीशी लढायची ताकद आली आहे का, हे पाहायचं होतं. रांगेत दोन मावसबहिणी होत्या. थोरलीला सगळे ताई म्हणत, धाकटीला चिमणी.

"डॉक्टर होणार आणि सुईला घाबरतेस?" ताईने विचारलं.

"दुसऱ्याला टोचायला कुठे घाबरते मी?" चिमणी म्हणाली. "लससुद्धा टाळलीच की. ताई, माझ्याऐवजी तूच बस ना गं."

ताई बसली. थोड्या वेळाने केस मोकळे सोडून, मास्क लावून, चिमणीच्या नावाने पुन्हा बसली. या वेळी तिने डावा हात टेकवला. गर्दीत काकांनी मान वर केली नाही. मी वजनावरून ओळखलं, पण मला कोण विचारतं?

अहवालात दोघींचं ड जीवनसत्त्व कमी निघालं. "ऊन बघतो कुठे आपण!" म्हणून त्या हसल्या. काविळीपासून मात्र दोघी सुरक्षित होत्या, निदान कागदावर.

पुढे वॉर्डात काविळीच्या रुग्णाची सुई चिमणीच्या बोटात घुसली. अहवाल पाहून मोठे डॉक्टर म्हणाले, "तुला काही होत नाही, जा." चिमणीने खरं सांगितलं असतं, तर लगेच औषध टोचता आलं असतं. ताई अडचणीत येईल म्हणून ती गप्प राहिली.

काही महिन्यांनी चिमणी पहिल्यांदा माझ्यावर बसली. डोळे पिवळेजर्द झाले होते. सुईला घाबरण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

आज ती अतिदक्षता विभागात आहे. कुणाला ओळखत नाही. सकाळी ताई धावत आली, माझ्यावर बसली आणि तिने बाही वर केली.

"काका, तेव्हाचं रक्त माझं होतं. आता हवं तेवढं घ्या, पण तिला द्या."

काकांनी हळूच तिची बाही खाली केली. "आता त्याचा उपयोग नाही गं, पोरी."

मित्रांनो, भीती वाटली तर सोबत कुणाला तरी आणा, त्याला घट्ट धरून बसा. पण सुईपुढे हात तुमचाच असू द्या.

ताई अजून माझ्यावरच बसून आहे. मागे रांग थांबली आहे. तिला ऊठ म्हणायला कुणी धजत नाही.