हळदीचा पाट

मित्रांनो, माझं नेमकं वय मला ठाऊक नाही. पण माझ्या खालच्या पट्ट्यांना चार वेळा नवे खिळे बसले आहेत, त्यावरून ओळखा. मी पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्याचा हळदीचा पाट. गोटीराम सुताराने सागाच्या एका फळीतून मला घडवलं, आणि तेव्हापासून पाड्यातली प्रत्येक नवरी माझ्यावर बसूनच पिवळी झाली. माझा मान मोठा, आणि नियमही फार. मला ओलांडायचं नाही. हळद लागलेल्या मुलीने एकटीने विहिरीवर जायचं नाही. आणि जिला स्वतःला हळद लागलेली नाही, तिने दुसरीला लावायची नाही.

हा शेवटचा नियम तानुबाईच्या वाट्याला आला. सुपारी फुटून लग्न ठरल्यावर ती सोमाच्या घरी नांदायला आली, पण पाड्याला जेवण घालून लग्न लावायचं राहिलं. दोघं दर साली द्राक्षांच्या कामाला सायखेड्याकडे जात. 'पुढच्या साली करू' म्हणता म्हणता त्यांची मीना वीस वर्षांची झाली. पाड्याला यात काही वावगं वाटत नसे. अशी घरं आमच्याकडे पुष्कळ.

दोन हजार तीन साली मीनाचं लग्न निघालं. लेकीला हळद लावायची तर आधी स्वतःला लागायला हवी, पण या वयात आपण नवरी व्हायचं, याची तानुबाईला लाज वाटत होती. तिने लेकीची हळद दळली, वाटी लंकाबाईच्या हाती दिली आणि मांडवाच्या खांबाआड उभी राहिली. लंकाबाई पाड्यातली रीतीभातीची जाणकार. तिचा शब्द कोणी मोडत नसे. मीना आली ती माझ्यावर न बसता शेजारी जमिनीवरच बसली.

"आधी आई बसंल, मंग मी."

आता पोरीची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. लंकाबाई म्हणाली, "लेकीच्या मांडवात आईचं लगीन लावायचं, ही बी आपलीच रीत हाय. सोमाला बोलवा."

सोमा लाजून गोठ्यात दडला होता, त्याला दंडाला धरून आणावं लागलं. तानुबाई माझ्यावर बसली. किती हलकी होती ती. तिला हळद लागली. मग ओल्या अंगानेच उठून तिने दोन्ही हात मीनाच्या गालांवर ठेवले. मायलेकी रडल्या. मीही रडलो असतो, पण लाकडाला ते जमत नाही.

आता मांडवात भाड्याच्या खुर्च्या येतात आणि मी माळ्यावर असतो. त्याचं थोडं वाईट वाटतंच. मला उतरवून पुसलंत तर नाही म्हणणार नाही. पण मित्रांनो, त्याआधी तुमच्या घरच्या कार्यात खांबाआड कोण उभं आहे ते बघा, आणि तिला बसायला सांगा.