दुसऱ्या कुलपाची चावी

अग्नी, चाक आणि दुहेरी कुलूप या तीन शोधांवर मानवजातीची संस्कृती उभी आहे, असं कृष्णा परुळेकरांनी विरार पूर्वेच्या फुलपाड्यातल्या आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जाहीर केलं. सभा जिन्यात भरली होती, कारण सोसायटीच्या ऑफिसची चावी सापडत नव्हती. पुढे ती परुळेकरांच्याच खिशात सापडली, पण तोवर ठराव मंजूर झाला होता.

ठराव असा, की प्रत्येक सभासदाने आपल्या ईमेलला दुसरं कुलूप लावावं. "नुसता पासवर्ड म्हणजे दाराची कडी," परुळेकर वरच्या पायरीवरून सांगत होते. "त्यावर सहा आकड्यांचा कोड हवा. तो फोनमधल्या ॲपमध्ये दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. चोराच्या हाती लागेपर्यंत शिळा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला होता.

हे मनावर घेतलं फक्त समोरच्या दारातल्या मर्लिनबाईंनी. त्या मूळच्या अर्नाळ्याच्या. नवरा गॉडफ्रे होडी घेऊन मासेमारीला जायचा. तो वारला, तेव्हा कुवेतला असलेल्या मायकलने आईला या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. गॉडफ्रे मागे ठेवून गेला तो बाईंच्या ईमेलच्या खात्यातला व्हिडिओंचा ढीग. त्यात प्रेमाबिमाचं काही नव्हतं. वाऱ्याने विस्कटलेले केस, मागे पाणी आणि ओरडणं: "मर्लिन, मसाला वाट! सुरमई घेऊन येतोय!" मर्लिनबाई रोज दुपारी जेवण झालं की टॅब भिंतीला टेकवून हे बघत आणि "वाटलाय, वाटलाय, ये आता," असं त्याला सुनावत.

बाईंचा फोन मात्र बटणांचा. त्यात कोडचं ॲप बसेना.

"मग कोड ठेवायचा कुठं?" परुळेकरांनी विचारलं.

"आमच्या फ्लॅटची दुसरी चावी कुठं असते? तुमच्याच खुंटीवर ना? मग हीपन ऱ्हाऊ द्या तिथंच."

शेजाऱ्याकडे दुसरी चावी ठेवायची, ही त्या इमारतीची जुनी रीत. परुळेकरांची उभी हयात विमा कंपनीत गेली होती, पण बाईंच्या या म्हणण्यात त्यांना एकही भोक सापडेना. त्यांनी बाईंच्या खात्याचा कोड आपल्या फोनमध्ये घेतला आणि पुढचे काही दिवस ते खिशात कुणाची तरी तिजोरी असल्यासारखे चालले.

मग लेकीने, ऋतिकाने, वाढदिवसाला नवा फोन दिला. परुळेकरांनी जुन्यातलं सगळं नव्यात नेलं. फोटो नेले, नंबर नेले, भाच्याने रोज सकाळी पाठवलेली गुलाबाची फुलंसुद्धा एकूण एक नेली. जुना फोन इमारतीत मासळी घेऊन येणाऱ्या कमळीला द्यायचा होता. घर सोडताना झाडून-पुसून द्यावं तसा त्यांनी तो आतून पार पुसला, आणि मग सोसायटीच्या फळ्यावर त्यावरही एक प्रवचन लिहिलं: वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना आतून कोरी करून द्यावी.

त्यानंतरच्या आठवड्यात मर्लिनबाई दारात आल्या. हातात तळलेल्या मांदेल्यांची ताटली.

"परुळेकरभाऊ, रविवारी मायकल येतोय. नवीन टॅब आनतोय माझ्यासाठी. त्यात गॉडफ्रेला बसवायचा. तुमचे ते सहा आकडे लागतील, हां!"

"हो हो, आहेत की," परुळेकर म्हणाले. बाईंची पाठ वळताच त्यांनी नव्या फोनमधलं कोडचं ॲप उघडलं. आतमध्ये नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी शांतता होती. कोड आपोआप नव्या फोनवर येत नसतात, जुना पुसण्याआधी ते हलवावे लागतात. ही गोष्ट तेवढी त्यांच्या एकाही प्रवचनात आली नव्हती.

पत्नी वसुंधरा मांदेल्या वाढत होती. "का हो, खात का नाही?"

"काटे आहेत."

"मांदेलीला?" वसुंधरा म्हणाली. मालवणी माणूस बोटाएवढ्या मांदेलीच्या काट्याला घाबरलेला ती प्रथमच बघत होती.

दुसऱ्या दिवशी परुळेकरांनी कमळीला जिन्यात गाठलं. "कमळे, त्या फोनमध्ये माझं काही राहिलंय का गं?"

"नाय हो काका! कायपन नाय. एकदम कोरा. असा फोन कोन देतो आजकाल?" कमळीने पाटी उतरवून तोंड भरून कौतुक केलं. परुळेकरांना एवढं लागणारं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

पुढे त्यांनी बाईंना टाळायला सुरुवात केली. दाराच्या भोकातून आधी बघायचं, समोरचं दार बंद असेल तरच बाहेर पडायचं. पण दुपारी ताटावर बसलं की समोरून आवाज यायचाच: "मर्लिन, मसाला वाट!" आणि परुळेकर अर्ध्या जेवणावरून उठायचे. एका माणसाला समुद्राने सोडलं, आजाराने नेलं, आणि उरलेला आवाज आपण पुसून मासळीच्या पाटीत घातला. ऋतिकाला फोन करून विचारावं, तर "बाबा, तुम्ही सगळ्यांना शिकवता ना?" असं ती म्हणणार. त्यांनी फोन केला नाही.

शनिवारी सकाळी ते दुधाला निघाले आणि बाई जिन्यातच भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत जुना टॅब.

"तुळिंजला निघाले," बाई म्हणाल्या. "सुरजच्या मोबाइलच्या दुकानात. ह्यो जुना कमळीच्या सुनेला द्यायचाय. सुरज पुसून देईल आतून. तुम्हीच लिवलं होतं ना, कोरी करून द्यावी म्हनून? आमी ऐकतो हां तुमचं!"

 एक मार्ग असा होता, की काही न बोलता बाजूला व्हावं. मग उद्या मायकल येईल, कोड मागेल, आणि परुळेकर म्हणतील, हल्ली या कंपन्यांचा काही भरवसा राहिला नाही. सगळे माना डोलावतील. तो मार्ग अगदी मोकळा होता आणि परुळेकरांनी त्यावर एक पाऊल टाकलंही. बाई दोन पायऱ्या उतरल्या.

"मर्लिनबाई! थांबा. ते आकडे नाहीत."

"म्हंजे?"

"माझ्याकडून गेले. फोन बदलताना. मी कमळीला तो कोरा करून दिला, त्यात तुमची चावीही पुसली. मला आठवडाभर माहीत आहे. बोललो नाही." एवढं बोलून ते पायरीवर बसले. "मी पापी माणूस आहे."

"ते फादरला सांगायचं असतं, मला नाय," बाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे... गॉडफ्रे गेला?"

 बाईंनी पिशवीतून टॅब काढला, शेजारी बसल्या आणि बोट लावलं. सवयीने, दुपारची वेळ नसतानाही. जिनाभर आवाज घुमला: "मर्लिन, मसाला वाट! सुरमई घेऊन येतोय!"

"ह्यो तर हाय की!" बाई म्हणाल्या.

परुळेकर टॅबकडे बघतच राहिले. दार आतून उघडंच होतं. बाईंनी या टॅबवर खातं कधी बंदच केलं नव्हतं, कारण ते बंद कसं करतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि आतून उघड्या असलेल्या घराचं कुलूप बदलता येतं! आठवडाभर भीतीपोटी त्यांनी एवढा साधा विचार केला नव्हता. सुरजने हा टॅब पुसला असता, तर मात्र गॉडफ्रे खरंच गेला असता.

तिथेच पायरीवर बसून त्यांनी खात्याची सुरक्षेची पानं उघडली. बाईंनी पासवर्ड सांगितला. तो जिन्यात सगळ्यांनाच ऐकू गेला, पण ते आता कोण मनावर घेतो. हे तुम्हीच का, असं टॅबने विचारलं. "मीच, आनि कोन?" म्हणत बाईंनी 'होय' दाबलं. जुनं कुलूप निघालं, नवं बसलं, आणि परुळेकरांच्या नव्या फोनवर सहा आकडे टपकन उमटले.

 परुळेकर उठून उभे राहिले. त्यांना उभ्यानेच बोलायची सवय होती. "मर्लिनबाई, विश्वास ही फार नाजूक चीज आहे. तुम्ही तो माझ्यावर टाकलात, मी तो राखला नाही. पण आज या जिन्यात, तुमच्या गॉडफ्रेच्या साक्षीने सांगतो, यापुढे तुमची चावी मी जिवापाड..."

"हां हां, ठीक हाय," बाईंनी टॅब पिशवीत ठेवला आणि पदर सारखा केला. "उद्या मायकल आला की ते आकडेपन त्याच्याच फोनात घालू. आनि भाऊ, तुमच्या खुंटीवर आमच्या फ्लॅटची चावी हाय ना? ती तेवढी आताच देता का?"