वाकड्या दाराची फट

मी एक पिंजरा आहे, आणि आधीच सांगतो, मला कुणाची कीव नको. कोंडणं हाच माझा धंदा. पण कोंडणारा स्वतः किती कोंडलेला असतो, ते मला या उन्हाळ्यात कळलं.

कारध्याला, वैनगंगेच्या काठी, तुलारामच्या अंगणात माझा जन्म झाला. हा माणूस मासे धरण्यात आणि जाळी विणण्यात पटाईत, सुतारकामात मात्र आनंदीआनंद. बांबूची चौकट, लोखंडी जाळी आणि प्रत्येक कोपऱ्याला त्याच्या मासोळीच्या जाळ्याची गाठ. त्यातली एकही आजवर सैल झालेली नाही. दार तेवढं वाकडं बसलं. खालचा कोपरा बाहेर आला आणि दोन बोटांची फट राहिली.

"हे दार हाय का खिडकी?" त्याची बायको सखाबाई म्हणाली.

"त्यातून कोनते ससे पळून जाऊन राहिले!" तुलाराम उलट तिलाच बोलला.

ससे त्यांच्या लेकीचे, रंजिताचे. जावई जवाहरनगरचं क्वार्टर सोडून बदलीवर नागपूरला निघाले. तिथे तिसऱ्या मजल्यावर घर. "आई, तुह्याशिवाय कोनावर भरोसा नाही," असं म्हणून रंजिताने तिघांना माझ्यात सोडलं. पांढरी कापशी, काळू आणि भुरी.

सखाबाई आधी कुरकुरली, मग पार लळा लागला. ती भंडाऱ्याच्या बाजारात मासोळी विकायची. हाताला वास आला की ससे नाक मुरडून मागे सरकायचे, म्हणून ही बाई बेसनाने हात चोळून धुवायची आणि मगच माझं दार उघडायची. मला तिचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

मग नवतपा लागला, मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. तुलाराम तलावावर गेला होता, सखाबाईला दुपारी लग्नाला जायचं होतं. ऊन असं की अंगणात पाय ठेववेना. तीस वर्षं तिने टोपलीतली मासोळी ओल्या पोत्याखाली गार ठेवली होती. तिने तेच केलं. पोती भिजवून मला चारी बाजूंनी आणि वरून झाकलं, टोकं खाली नीट खोचली.

"झोपा आता गारेगार," असं प्रेमाने म्हणून ती गेली.

टोपलीतल्या मासोळीला श्वास घ्यायचा नसतो, एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही.

घटकाभर खरंच गार वाटलं. मग आतली हवा तापली, ओली झाली, जड झाली. तिघांची धापणारी अंगं माझ्या जाळीला लागत होती. कापशीने पायांनी जाळी ओरबाडली. तुटावं, एखादी तरी गाठ सुटावी म्हणून मी जीव एकवटला. पण तुलारामच्या गाठी त्या! स्वतःच्या मजबुतीचा इतका राग मला कधी आला नव्हता. आधी कापशी थांबली, मग काळू. फक्त वाकड्या दाराशी पोतं माझ्या अंगाला चिकटलं नव्हतं. भुरीने तिथल्या फटीत नाक खुपसलं आणि ती तशीच पडून राहिली.

चार वाजता सखाबाईने पोतं उचललं. भाताच्या गंजावरचं झाकण काढावं तशी वाफ तिच्या तोंडावर आली. त्याच क्षणी तिला सगळं उमगलं. मी ते पाहिलं.

"सशाची जातच नाजूक," तुलाराम म्हणाला. "नजर लागली वो," शेजारची रुखमिणी म्हणाली. सखाबाईने दोघांनाही मान डोलावली आणि पोती गुपचूप घडी करून माळ्यावर टाकली. रंजिताचा रोज फोन यायचा. "हाव, तिघंबी मजेत हायेत," असं सांगताना ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. खरं काय ते मला ठाऊक, पण मला तोंड नाही. तिला तोंड आहे, पण उघडत नाही. आम्ही दोघं सारखेच अडकलो होतो. भुरी खाईना, फटीपाशीच बसून राही.

बारा दिवसांनी रंजिता आली. माझ्यात डोकावली आणि एकटी भुरी बघून आईकडे वळली.

"नजर नाही ना काही नाही," सखाबाई एकदम बोलली. "म्याच मारले. ओल्या पोत्यानं झाकले, मासोळीसारखे."

"आन् मले रोज तिघं तिघं सांगत होतीस?"

सखाबाईने भुरीला उचलून लेकीच्या मांडीवर ठेवलं. "इले घेऊन जाय, पोरी. माह्या हातात जीव टिकत नाही."

रंजिता बराच वेळ रडली. मग उठली, माळ्यावरचं एक पोतं काढलं, भिजवलं, पिळलं आणि माझ्या फक्त उन्हाच्या बाजूला टांगलं. तीन बाजू मोकळ्या ठेवल्या.

"असं टाकत जाय. ससं कसं मरते हे आता तुह्याइतकं कोनाले समजलं हाय? मंग तूच सांभाळ."

ती चहासुद्धा न घेता गेली. राग होताच. पण भुरीला माझ्यात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी तुलाराम पक्कड घेऊन आला, दार सरळ करतो म्हणाला. सखाबाई आडवी आली. "राहू द्या वाकडंच."

तेव्हा माझं एवढंच मागणं. घरात जीव पाळाल तर जरूर जपा, पण चारी बाजूंनी झाकू नका. एखादी फट राहू द्या, आणि हातून चूक झालीच तर खरं बाहेर यायची फटही बुजवू नका.

काल सखाबाई बाजारातून आली ती थेट माझ्यापाशी बसली. बेसन विसरली. फटीतून दोन बोटं तिने आत घातली. भुरीने ती हुंगली, माशांच्या वासासकट, आणि मागे सरकली नाही.